मदत हवी आहे: भाचीच्या कर्जावर सही करू का?

भाचीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. विषय तोच, पदवी तीच, वर्षं चार. एकाचा सगळा खर्च १०० धरला तर दुसऱ्याचा ३५. कर्ज दोन्हीकडे काढावंच लागणार आणि सहकर्जदार म्हणून सही माझी. ताई म्हणते, "नावाजलेलं कॉलेज आहे, नोकरी लागली की फिटेल." फिटेल, पण कशातून, म्हणून वही घेऊन बसलो.

दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलायचे, व्याज १० टक्के. शिकताना हप्ता नाही, पण व्याज चढतच राहतं. चार वर्षं संपेपर्यंत १०० चे १२८ होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १.६९, म्हणजे वर्षाला साधारण २०, आणि एकूण २०२. हप्ता जड वाटला तर मुदत पंधरा वर्षं करा, असा सल्ला मिळाला. कागदावर करून पाहिली. हप्ता १.३७ वर उतरला, एकूण भरणा २४७ वर चढला!

३५ वाल्या कॉलेजाचा हप्ता वर्षाला ७. फरक १३ चा. म्हणजे पॅकेज किती हे विचारण्यात अर्थ नाही. दहा वर्षं, दरवर्षी, कर कापून १३ जास्त हातात पडतील का, हे बघायला हवं. साध्या कॉलेजातून निघालेल्याला हातात ५० मिळत असतील तर हिला ६३ हवेत, तेही नुसत्या बरोबरीसाठी.

घोडं अडतंय ते इथे. माहितीपत्रकात सगळ्यात मोठं पॅकेज ठळक अक्षरात, खाली सरासरी. आता नऊ जणांना ४० आणि एकाला २४० मिळाले तर सरासरी ६० येते, आणि ६० मिळवणारा वर्गात एकही नसतो. मध्यक, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्याला किती, हे विचारलं तर "कळवतो" म्हणाले. अजून कळवताहेत. हे आकडे तुम्ही कसे मिळवलेत? आणि माझ्या हिशेबात काय सुटलंय?

प्रतिसाद: मध्यक मिळाला तरी तो कोणाचा ते बघा. नोकरी लागलेल्यांचाच असेल तर उपयोग नाही. आणि मध्येच शिक्षण सोडलेल्यांचं कर्ज काही सुटत नाही, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या आठ-दहा जणांना गाठा, पहिल्या नंबरवाले सोडून. शिवाय शिकतानाच दरवर्षीचं व्याज भरत गेलात तर ते २०२ चे १८४ होतील.

एक वाचण्यासारखं: स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास. निवडक, म्हणजे मोजक्यांनाच घेणाऱ्या, कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी निवडक कॉलेजात गेली, त्यांची कमाई साधारण तेवढीच निघाली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला.

धागाकर्ता: आभार. व्याजाचं सुचलंच नव्हतं, तेवढं मी भरू शकेन. पण तुमच्या शेवटच्या वाक्याने पुन्हा पंचाईत केली. ताईचं घर त्या दुसऱ्या गटातच मोडतं, आणि मी मनातल्या मनात नकार ठरवूनच धागा काढला होता. मुलांचे नंबर मिळवतोय. सही परवा करायची आहे.