हॅम रेडिओ, १० वॅट, गच्चीवरचा डायपोल (मधून जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना): डीएक्ससाठी (दूरच्या देशांशी संपर्कासाठी) मोर्स शिकावं की एफटी८ वरच (संगणकाने चालणाऱ्या डिजिटल पद्धतीवरच) भागवावं?

गच्ची_२०: सेट १० वॅटचा, बँड फक्त २० मीटर. सोसायटीने गच्चीवर एक डायपोल लावू दिलाय. युरोप गाठायचाय. एफटी८ असताना आता मोर्स शिकण्यात अर्थ आहे का?

तारवाला: नुसती देशांची यादी वाढवायची तर एफटी८ ला तोड नाही. २५०० हर्ट्झ पट्ट्यातल्या गोंगाटाच्या २१ डेसिबल खालचा सिग्नलही ते उचलतं, कानाने तितकं जमत नाही. पण संगणक हवा, घड्याळ सेकंदाच्या आत जुळलेलं हवं. सीडब्ल्यूला, म्हणजे मोर्सला, की (मोर्स ठोकायचं बटण) आणि कान पुरे. एसएसबीची (आवाजाने बोलायच्या पद्धतीची) ताकद २.४ किलोहर्ट्झमध्ये पसरते, सीडब्ल्यू दीडशे-दोनशे हर्ट्झमध्ये मावतं, त्यामुळे १० वॅटवर एसएसबीचा नाद सोडा. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने परवान्यासाठीची मोर्सची सक्ती उठवली, अमेरिकेने २००७ मध्ये परीक्षाही काढून टाकली. तरी स्पर्धेच्या शनिवार-रविवारी १४.००० मेगाहर्ट्झच्या वरचे पन्नासेक किलोहर्ट्झ ऐका, पाय ठेवायला जागा नसते.

तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणा, म्हणजे रोख वायव्येला, युरोपकडे. जपान मात्र तारेच्या टोकाकडे येईल, तिकडे कमी अपेक्षा ठेवा. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिमी तार, प्रत्येक बाजूला ५.२५ मीटर. वरच्या पीव्हीसीमुळे ती सिग्नलला आहे त्यापेक्षा लांब भासते, म्हणून दोन्ही टोकं सारखी दुमडत १४.०३० वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या ताकदीचं माप) खाली आणा, लगेच कापू नका. स्लॅबमधल्या सळयांपासून निदान ५ मीटर वर. फीडपॉइंटला (केबल तारेला जोडते तिथे) ३१ मिक्सच्या २.४ इंची फेराइट रिंगवर आरजी-५८ कोॲक्स केबलचे १०-१२ वेढे घ्या, नाहीतर लिफ्टचा आणि एलईडी दिव्यांचा सगळा कचरा कोॲक्सच्या जाळीवरून सेटमध्ये येतो.

डिडाह: तक्ता पाठ करू नका. मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने शिकणारा डिट-डा (ठिपके-रेघा) मोजतो आणि १० च्या आसपास अडकतो. अक्षर पहिल्यापासून २० च्या वेगाने ऐका, फक्त दोन अक्षरांमधलं अंतर वाढवा. आधी K आणि M ही दोन अक्षरं, ९० टक्के बरोबर आलं की पुढचं एकच. रोज १५ मिनिटं दोनदा. रविवारी तीन तास बसून काही होत नाही.

गच्ची_२०: पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला हाका मारणाऱ्यांच्या गर्दीत) १० वॅटला कोण विचारतो? आणि की कोणती घेऊ?

तारवाला: डीएक्स स्टेशन ‘अप’ म्हणालं की ते १-२ किलोहर्ट्झ वर ऐकतंय. स्प्लिट चालू करा, म्हणजे ऐकणं एका फ्रिक्वेन्सीवर, पाठवणं दुसऱ्या. ते विसरून त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर हाका मारणारे रोज शिव्या खातात. आत्ता कोणाला उत्तर मिळालं ते शोधा आणि त्याच्या जवळपास आपला कॉलसाइन (स्टेशनची ओळख-अक्षरं) एकदाच द्या.

त्याआधी १४.१०० वरचे बीकन (आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशनं) ऐका. ३ मिनिटांत १८ स्टेशनं, प्रत्येकाला १० सेकंद. कॉलसाइननंतरचे चार डॅश १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे असतात. संध्याकाळी फिनलंडचा दुसरा डॅश ऐकू आला तर तुमच्या १० वॅटलाही वाट आहे.

डिडाह: पॅडलच (डिट आणि डा वेगवेगळ्या बाजूंनी देणारी की) घ्या, बूड जड असलेलं. हलकं पॅडल टेबलावर सरकतं आणि डिट जास्तीचे पडतात.