मदत हवी आहे: वडिलांना मागे बसवून फोंडा घाट आणि आंबोलीची फेरी

नमस्कार. माझे वडील एस.टी.त चालक होते आणि नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी कोल्हापूर–सावंतवाडी मार्गावर, कधी फोंड्याने तर कधी आंबोलीने, गाडी नेली. आता ते ६९ वर्षांचे आहेत. हातात स्टिअरिंग असल्यामुळे ज्या घाटाकडे कधी मान वळवून पाहता आले नाही, तो एकदा मागे बसून डोळे भरून पाहायचा, अशी त्यांची इच्छा आहे. चारचाकीचा पर्याय मी सुचवला होता. परंतु काचेआडून जंगलाचा वास येत नाही, असे ते म्हणाले आणि ते मला पटले.

माझ्याकडे १५० सीसीची युनिकॉर्न आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, मधल्या वारी निघण्याचा विचार आहे, कारण शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची इतकी दाटी होते की घाटातच खोळंबून राहावे लागते. पहिल्या दिवशी कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे सावंतवाडीला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लजमार्गे परतायचे. राधानगरीला मात्र घाई करणार नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाचे स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात, आणि ते उघडे असताना वडिलांना निवांत पाहायचे आहेत.

माझी मुख्य शंका उताराबद्दल आहे. मागील वर्षी जुलैत फोंडा घाटात, जिथे झाडी रस्त्यावर वाकलेली आहे आणि ऊन जवळजवळ पोहोचत नाही, अशा एका वळणावर ओल्या पानांवरून माझे मागचे चाक घसरले. तेव्हा मी एकटा होतो आणि वेग कमी असल्याने सावरलो. आता मागे वडिलांचे वजन असेल, ब्रेक लावल्यावर ते पुढे माझ्यावर येईल, आणि तीव्र वळणावर तोल सांभाळणे अवघड होईल, याची मला खरोखर काळजी वाटते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा वडिलांचा जुना नियम मी पाळतोच. पण बसचा हा नियम दोन चाकांना कितपत पुरतो? की फेरी उलटी करून आंबोली उतरावी आणि फोंडा चढावा? आंबोलीचा रस्ता मला तुलनेने रुंद वाटतो, मात्र तिथे धुके एकाएकी उतरते आणि समोरची गाडी दिव्यांवरूनच ओळखावी लागते.

ज्यांनी डबलसीट हे घाट केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा किती वाढवता, आणि पाठीला त्रास होऊ नये म्हणून वयस्कर माणसाला किती अंतरावर उतरवून चालवता. दाजीपूरच्या परिसरात गवे रस्ता ओलांडतात, त्यामुळे तो टप्पा सकाळी किती वाजता पार करणे इष्ट, हेही समजले तर बरे होईल. आंबोलीत अंधार पडल्यावर गाडी चालवणार नाही, हे आम्ही आधीच ठरवले आहे. पावसाळ्याच्या दिवसांत तिथे रात्री बेडूक आणि साप रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात, ते आम्हा दोघांनाही नको आहे.

पाऊस लांबल्यास गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरणे अधिक सुरक्षित ठरेल का? अलीकडे त्या बाजूने गेलेल्यांनी रस्त्याची सद्यस्थिती कळवल्यास मी त्याप्रमाणे मार्ग बदलेन आणि निघण्याचा दिवसही पुढे ढकलेन.