एकही हप्ता चुकला नाही, तरी सिबिल स्कोअर ५८ गुणांनी उतरला

प्रश्न:
माझा सिबिल स्कोअर (सिबिल ही संस्था कर्जफेडीच्या नोंदींवरून देते ते गुण) दोन महिन्यांपूर्वी ७८४ होता, आता ७२६ दाखवतोय. दुचाकीचे हप्ते वेळेवर जातात, कार्डाचं बिलही दर महिन्याला पूर्ण भरतो. मधल्या काळात एवढंच झालं: १,५०,००० मर्यादेचं जुनं कार्ड वापरात नव्हतं म्हणून बंद केलं, ५०,००० च्या कार्डावर ४२,००० चं बिल आलं आणि गृहकर्जासाठी चार ठिकाणी अर्ज केले. पगार तर वाढलाय. नेमकं काय नडलं?

उत्तर १:
पगार आणि बचत खात्यातली शिल्लक स्कोअरमध्ये धरतच नाहीत. स्कोअरचं नेमकं सूत्र जाहीर नाही, पण तुमच्या आकड्यांत सर्वात मोठा बदल कार्ड बंद केल्याचा दिसतो. आधी एकूण मर्यादा २,००,००० होती, म्हणजे ४२,००० चा वापर (मर्यादेच्या तुलनेत खर्च) २१ टक्के झाला असता. आता मर्यादा ५०,००० उरली आणि तोच खर्च ८४ टक्के झाला. ३० टक्क्यांच्या आत राहावं हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे.

बिल पूर्ण भरूनही असं होतं, कारण बँक सहसा बिलाच्या तारखेच्या आसपासची थकबाकी कळवते, तुम्ही पैसे भरता ते त्यानंतर. बिल १२ तारखेला निघत असेल तर ९-१० तारखेलाच ३०,००० भरून टाका. बिल १२,००० चं येईल, वापर २४ टक्के. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसते. बंद कार्डाचा जुना इतिहास लगेच पुसला जात नाही, ती काळजी नको.

उत्तर २:
चार अर्जांचंही धरा. प्रत्येक अर्जामागे त्या संस्थेनं तुमचा अहवाल (कर्जं-कार्डांच्या फेडीची नोंदवही) मागवल्याची नोंद तारीख, कर्जाचा प्रकार आणि रकमेसह राहते. थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की माणूस पैशांच्या अडचणीत आहे असा अर्थ निघतो. स्वतःचा स्कोअर स्वतः कितीही वेळा बघा, त्यानं गुण जात नाहीत. व्याजदर आणि पात्रता आधी तोंडी विचारून घ्या. पॅन आणि ओटीपी दिला की बहुधा अहवाल मागवण्याची संमती गेलीच म्हणून समजा. आता चार-सहा महिने नवा अर्ज टाळता आला तर उत्तम.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. अहवालात आणखी एक सापडलं. फेडून झालेलं फ्रिजचं कर्ज अजून चालू दिसतंय आणि एका महिन्यापुढे ०३० लिहिलंय.

उत्तर ३:
मग आधी हे निस्तरा, वापराचं प्रमाण बिलाआधी पैसे भरले की पुढच्या बिलात सुधारेल. ०३० म्हणजे त्या महिन्यात हप्ता ३० दिवस थकलेला. ००० म्हणजे थकबाकी नाही, एक्सएक्सएक्स म्हणजे बँकेनं माहितीच पाठवली नाही. ही महिनावार नोंद मागच्या ३६ महिन्यांची असते.

त्या महिन्याचा बँकेचा खातेउतारा काढा. हप्ता वेळेवर वळता झालेला दिसला तर तो उतारा आणि कर्ज फिटल्याची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. अहवालावरचा कंट्रोल नंबर लागतो. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीलाही ईमेल करा, कारण तिनं मान्य केल्याशिवाय सिबिल नोंद बदलत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

हप्ता खरोखरच परत गेला असेल तर मात्र ती नोंद निघणार नाही, फक्त कर्जाचं खातं अहवालात 'बंद' असं करून घ्या. फोनवर कुणी थोडे पैसे भरून 'सेटलमेंट' करा म्हणालं तर अजिबात करू नका. 'सेटल्ड' म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली, आणि गृहकर्ज देताना हा शेरा बँकांना फार खटकतो.

एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच संस्थांचेही अहवाल काढा. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि एकाकडे दुरुस्त झालेली चूक दुसऱ्याकडे तशीच राहिलेली असू शकते.