नव्या गाडीतलं नेव्हिगेशन: ओळख होईपर्यंतचे अनुभव

पहाटवारा
काल रात्री गाडी बोगद्यात शिरली आणि सवयीने मनात आलं, आता बाण थांबणार. आधीच्या गाडीत काचेला चिकटवलेलं यंत्र होतं. ते बोगद्याच्या तोंडाशीच गप्प व्हायचं आणि बाहेर पडल्यावर भानावर यायला वेळ घ्यायचं. तेवढ्यात एकदा फाटा हुकला होता. या गाडीतला बाण मात्र चालतच राहिला. बोगदा आत डावीकडे वळतो, तिथे बाणही वळला.

गाडी घेऊन तीन आठवडे झालेत. घरी येऊन पुस्तिका काढली. उपग्रह दिसेनासे झाले की यंत्रणा चाकं किती फिरली त्यावरून अंतर काढते आणि आत बसवलेल्या जायरोवरून गाडी किती वळली ते ओळखते. शेवटचं खात्रीचं ठिकाण धरायचं आणि तिथून पुढे मोजत जायचं.

हे वाचताना एकदम ताई आठवली. लहानपणी रात्रीच्या परतीच्या प्रवासात मागच्या सीटवर आम्ही दोघं आडवे व्हायचो, माझं डोकं उजव्या दाराशी, तिचं डाव्या. डोळे घट्ट मिटायचे आणि कुठवर आलो ते ओळखायचं. माझं डोकं दाराला टेकलं की गाडी डावीकडे वळली, तिचं टेकलं की उजवीकडे. चाकांचा आवाज पोकळ झाला की पूल. ताई बहुतेक वेळा जिंकायची. पण प्रवास लांबला की दोघंही चुकायचो, कारण एक वळण मोजायचं राहिलं की पुढचं सगळंच सरकतं. पुस्तिकेतही तेच लिहिलंय, उपग्रहाविना जितकं लांब जाल तितकी चूक साठत जाते.

म्हणून हा धागा. तुमच्या गाडीतल्या यंत्रणेशी तुमची ओळख कशी झाली? काय उशिरा कळलं, कुठे अडलात? जुन्या गाडीचे अनुभवही चालतील.

मृद्गंध
आवाज!! गाण्याचा आवाज कमी केला तरी ती बाई तितक्याच जोरात बोलायची. आठ महिने सहन केलं. ती बोलत असतानाच नॉब फिरवला तर फक्त तिचा आवाज कमी होतो, हे मला गाडी धुणाऱ्या मुलाने सांगितलं. बाळ मागे झोपलेलं असतं हो, त्याचं फार मोल आहे.

खटपट्या
पहाटवारा, चाकांवरून अंतर काढतात म्हणूनच काही गाड्यांच्या सेटिंगमध्ये 'टायर बदलले' अशी नोंद करायची सोय असते. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जरा जास्त पुढे जाते. नोंद केली की यंत्रणा हिशोब नव्याने बसवते. नाही केली तरी मोकळ्या आकाशाखाली चालवत राहिलात की ती हळूहळू स्वतःच जुळवून घेते, पण मधले काही दिवस बाण थोडा मागेपुढे दिसतो.

पहाटवारा
अरे वा! आमच्या गाडीत आहे का बघतो.

भटकभवानी
आमच्याकडे नकाशात उत्तर वर हवी की गाडीची दिशा वर, यावरून दोन महिने रोज वाद. मला उत्तर वर लागते. शाळेत नकाशा तसाच शिकले, आणि आपण एकूण कुठे आहोत ते मनात पक्कं राहतं. नवऱ्याला गाडी जिकडे तोंड करून आहे ते वर हवं, नाहीतर दक्षिणेला जाताना त्याचं डावं-उजवं उलटतं. जो चालवायला बसेल तो आधी पडद्याच्या कोपऱ्यातलं होकायंत्राचं चिन्ह दाबणार. एकदा तो चालवत असताना मी बदललं आणि त्याने चौकात चुकीच्या रांगेत गाडी घातली. मागचा हॉर्न वाजवत बसला, मुलं घाबरली. तेव्हापासून नियम केलाय: चालवणाऱ्याचं चालणार, बाजूला बसणाऱ्याने हात लावायचा नाही.

चाकोरी
भटकभवानी +१. आमच्याकडे सासरे आणि मी. सासऱ्यांना उत्तर वर 😊

रानवाट
भटकभवानी, तुमच्या वादाला जुना वारसा आहे, म्हणून थांबून लिहितो. १९८५ मध्ये ईटॅक नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचं नेव्हिगेशन विकायला काढलं. उपग्रह अजिबात नाहीत. चाकांना सेन्सर, एक होकायंत्र, आणि नकाशे कॅसेटवर! एका कॅसेटमध्ये सगळं मावायचं नाही, म्हणून पुढच्या भागात शिरताना कॅसेट बदलायची. त्या पडद्यावर गाडीची खूण एका जागी राहायची आणि नकाशा तिच्याभोवती फिरायचा, तुमच्या यजमानांना हवा तसा.

आता नावाची गंमत. ईटॅक हा प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या नावाड्यांचा शब्द. त्यांच्या रीतीत होडी स्थिर आहे असं धरतात आणि बेटं तिच्या बाजूने मागे सरकत जातात असं मनात पाहतात. कुठलं बेट कुठल्या ताऱ्याखाली आलं यावरून आपण किती आलो ते समजतं. तुमचे यजमान त्या नावाड्यांच्या बाजूचे आहेत.

त्याही आधी, १९८१ मध्ये, होंडाने जायरोवर चालणारं यंत्र आणलं होतं. त्यात पारदर्शक नकाशा पडद्यावर सरकवायचा आणि खालून उजेडाचा ठिपका हलायचा. कारखान्यातूनच जीपीएस बसवून आलेली पहिली गाडी माझदाची, १९९० मधली. पहाटवारांच्या खेळाची रीत उपग्रहांच्या आधीची आहे, हे मला फार आवडलं.

भटकभवानी
रानवाट, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. आता तो स्वतःला नावाडी म्हणवतोय. तरी उत्तर वरच.

सांजसावली
कपडे वाळत घालून आले, आता लिहिते.
नवी गाडी, दुसराच आठवडा. मार्ग निवडताना तीन पर्याय आले, त्यातला 'सर्वांत कमी अंतर' मी दाबला. म्हटलं कमी अंतर म्हणजे लवकर पोहोचणार. आधी रस्ता, मग गल्ली, मग दोन्ही बाजूंना दगडी कुंपण. आरसे मिटून घेतले तरी पुढे जाईना. मागे वळायला जागा नाही, अंधार पडलेला. हे टॉर्च घेऊन मागे चालत, मी गाडी मागे घेतेय, आणि ती बाई दर दोन मिनिटांनी "शक्य असेल तिथे मागे वळा". आवाज बंद कसा करायचा तेही माहीत नव्हतं. यांच्या टॉर्चचा उजेड कुंपणावर पडायचा आणि तेवढ्यावर मी स्टिअरिंग धरायची. बाहेर आल्यावर दोघं गाडीतच दहा मिनिटं काही न बोलता बसून राहिलो.
तेव्हापासून 'सर्वांत लवकर' ठेवते आणि कच्चे रस्ते टाळा हा पर्याय सुरू असतो. अंतर कमी म्हणजे रस्ता चांगला असं नसतं, यंत्रणा दिलेला हुकूम पाळते.

मृद्गंध
बाप रे सांजसावली. अंगावर काटा आला. रंगाला काही लागलं नाही ना?

सांजसावली
डाव्या दारावर एक चरा. तो तसाच ठेवलाय.

अर्धा कप
कोणी काचेला फिल्म लावली आहे का? उन्हासाठी लावून घेतली आणि बाण उड्या मारायला लागला. दुकानदार म्हणाला संबंध नाही.

खटपट्या
असू शकतो. फिल्ममध्ये धातूचा थर असेल तर उपग्रहाचा संदेश अडतो, तो मुळातच फार क्षीण असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर वरून येतो. पण अँटेना कुठे आहे ते आधी बघा. छतावर, त्या माशाच्या परासारख्या भागात असेल तर काचेचा संबंध नाही. डॅशबोर्डच्या आत असेल तर फिल्मवर संशय घ्या.

अर्धा कप
डॅशबोर्डच्या आत आहे म्हणे. फिल्म काढतो. धन्यवाद खटपट्या, तीन जणांना विचारून झालं होतं.

टिपूर चांदणं
माझा पाच वर्षांचा मुलगा तिला 'वळाताई' म्हणतो. कारण ती सारखं वळा वळा म्हणते. पोहोचल्यावर थँक्यू वळाताई म्हटल्याशिवाय उतरत नाही. काल विचारत होता, आपण घरात झोपतो तेव्हा ती गाडीत एकटी घाबरत नाही का?

मृद्गंध
वळाताई 😍😍 माझ्याकडून पापा त्याला

भटकभवानी
आता आमच्याकडेही वळाताईच.

उंबरठा
माझी गाडी फक्त माझ्यासाठी नवी. आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. पहिल्या रविवारी सगळे मेनू शांतपणे बघायचे ठरवलं आणि गाडी उभी करून बसलो. 'जतन केलेली ठिकाणं' उघडलं तर यादी तशीच. घर. ऑफिस. शाळा. आणि खाली 'आई', पुढे चांदणी. ती चांदणी बघून पुढे काही दाबवेना. कुणीतरी गाडी घेऊन किती वेळा आईकडे गेलं असेल. शेवटी सगळं पुसलं, कारण कुणाच्या घराचा पत्ता माझ्याकडे असणं बरं नाही.
सगळ्यांना कळकळीने सांगतो, गाडी विकताना घराचा पत्ता, जुने प्रवास आणि जोडलेल्या फोनमधले संपर्क पुसा. सेटिंगमध्ये 'फॅक्टरी रीसेट' असतं. किल्ली देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी यादी रिकामी झालेली बघा.

सांजसावली
उंबरठा, डोळ्यांत पाणी आलं. माझी आई गेली त्या वर्षी मी तिचं घर यादीतून काढलं नाही. अजून आहे.

उंबरठा
राहू द्या ताई.

चाकोरी
नकाशा अपडेट केलाय का कुणी? मी तीनदा पेनड्राइव्ह लावला, गाडी ओळखतच नाही.

खटपट्या
पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे? बऱ्याच गाड्यांना फॅट३२ लागतो, मोठे पेनड्राइव्ह येतानाच एक्सफॅटमध्ये असतात. पुस्तिकेत बघून तसं करून घ्या. आणि अपडेट चालू असताना पेनड्राइव्ह काढू नका, मध्येच गाडी बंद करू नका. आमच्याकडे तासाभराहून जास्त वेळ लागला. मी मुद्दाम लांबच्या प्रवासाच्या दिवशी लावला.

चाकोरी
एक्सफॅटच निघाला!! आता संध्याकाळी करते.

जुनं घड्याळ
अपडेटवरून आठवलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये माझ्या तेव्हाच्या गाडीत सकाळी तारीख बघतो तर जवळजवळ वीस वर्षं मागची. वाटलं बॅटरी गेली. दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलली, तरी तेच. नंतर कळलं की मूळ जीपीएस संदेशात आठवडे ० ते १०२३ एवढेच मोजले जातात आणि मग पुन्हा शून्यापासून. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये शून्य झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ ला. ज्या यंत्रणांनी त्याची सोय केली नव्हती त्या मागे गेल्या. नकाशा आणि बाण ठीक होते, फक्त तारीख चुकायची. बॅटरीचे पैसे मात्र गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

रानवाट
जुनं घड्याळ, तुमच्या आयडीला साजेसा अनुभव!
उपग्रह मुळात वेळच सांगतात. संदेश कधी निघाला आणि कधी पोहोचला यावरून अंतर. चार उपग्रह लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या गाडीतल्या साध्या घड्याळाची चूक काढायला. आणि २००० पर्यंत अमेरिका सामान्य वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. २ मे २००० ला ते बंद केलं. शंभर मीटरच्या चुकीने फाटा कसा सापडणार?

अबोल
उड्डाणपुलावर असताना मला खालच्या रस्त्यावर समजते. उपाय?

खटपट्या
दोन रस्ते एकावर एक असले की हे होतं, जीपीएसची उंची जागेइतकी पक्की नसते. यंत्रणा जवळचा रस्ता धरून बाण त्यावर बसवते. काही गाड्यांत 'सध्याचा रस्ता बदला' असा पर्याय असतो. तो नसेल तर पुढे रस्ते वेगळे होईपर्यंत पाट्या बघून चालवा. वर्तुळाकार चढणीच्या पार्किंगमधून बाहेर आल्यावरही बाण कधी उलट्या दिशेला तोंड करून असतो, दोनशे-तीनशे मीटर सरळ गेलात की सुधारतो.

अबोल
ठीक. पाट्याच बघतो.

टिपूर चांदणं
कुणी सीटची कव्हरं बदलली का नव्या गाडीत? की मूळचीच ठेवलीत? मुलगा बूट घालून चढतो.

मृद्गंध
ठेवली, पाठीमागे टॉवेल लावलाय. धुता येतो.

पहाटवारा
खटपट्या, सापडलं! सेटिंग, नेव्हिगेशन, मग 'ठिकाण सुधारा', त्याच्या आत टायर बदलल्याची नोंद. पुस्तिकेत शेवटून चौथ्या पानावर होतं.
आणि ताईला काल बोगद्यातला बाण आणि आपला खेळ, दोन्ही लिहून पाठवलं होतं. आत्ता उत्तर आलं: "पुलाच्या आधी दोन धक्के बसायचे. तू नेहमी एकच मोजायचास."