आधी लघवीची डबी, मग गोळ्या: हे योग्य आहे का?

मुक्ता_सातारा
माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना तो गांजा ओढायचा, आणि ते केसपेपरवर लिहिलेलं आहे. तेवढ्यावरून गेल्या वर्षापासून ओपीडीत दर महिन्याला आधी हातात डबी देतात, मगच नंबर लागतो. संडासाचं दार अर्धं उघडं, बाहेर वॉर्डबॉय उभा. आजार जोरात असताना भावाला वाटायचं की कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. आता खरंच कोणीतरी ठेवतंय, तर मी त्याला काय समजावू?

दिवाळीनंतर लघवीत नशा तपासायच्या पट्टीवर अफूचा गट (अफू आणि तिच्यापासूनचे पदार्थ) पॉझिटिव्ह आला. रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारलं, "काय घेतोस?" तो काही नाही, काही नाही म्हणत राहिला. आईचे अनारसे त्याने चार दिवस खाल्ले होते, खसखशीत लोळवलेले. हे मला सुचलं ते घरी आल्यावर. पुढच्या महिन्यात तो गेला नाही, त्यानंतरही नाही. गोळ्या मी आणते. घेतो की नाही, कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: माणसाला विचारून तपासा. औषध अडवून नको.

एका_मुलाची_आई
ताई, तुमच्या भावाला सगळ्यांसमोर विचारलं ते वाईटच. पण राग तपासणीवर काढू नका. माझा मुलगा २४ वर्षांचा. सहा महिन्यांत दोनदा भरती करावा लागला. दर वेळी गोळ्या वाढल्या. हात थरथरायचे, उशी लाळेने भिजायची. "आई शपथ, ओढत नाही," म्हणायचा आणि मी विश्वास ठेवायचे. दुसऱ्या भरतीत लघवी तपासली, तेव्हा गांजा निघाला. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि व्यसनाचे उपचार सुरू केले. पहिल्याच वेळी तपासलं असतं तर पोराचे तेवढे हाल झाले नसते. विचारून करा म्हणता. जेवणात विष कालवलंय असं ज्याला वाटतं, तो हो म्हणेल?

रात्रपाळीचा_ब्रदर
मनोरुग्ण वॉर्डात १४ वर्षं काढली. पहिल्यांदाच भास घेऊन आलेल्या पेशंटची तपासणी मला हवीच वाटते. नशा सुटून महिना झाला तरी भास राहतात की जातात, यावर निदान बदलतं.

पण पट्टी ही नुसती चाळणी आहे. खसखशीत मॉर्फीन आणि कोडीनचा अंश असतो. त्यामुळेच अमेरिकेत सरकारी नोकरीच्या तपासणीत अफूगट पॉझिटिव्ह धरायची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरमागे ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. ३०० वाल्या पट्ट्या आजही मिळतात. क्वेटियापिन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीमुळे मेथाडोन (अफूसारखं औषध) आणि ट्रॅझोडोन या नैराश्याच्या गोळीमुळे अॅम्फेटामाइन (उत्तेजक नशा) खोटं दिसू शकतं. म्हणजे गोळी आम्ही द्यायची आणि आळ पेशंटवर! रोज गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावरही महिनाभर पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. जो खरंच सुटायला धडपडतोय, तोच खोटा ठरतो. मोठ्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने (नेमका पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री केल्याशिवाय केसपेपरवर "व्यसन" लिहू नये.

एका_मुलाची_आई
त्या लॅबचा खर्च कोण देणार? आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात त्याला सांभाळणार कोण? आम्हीच ना?

मुक्ता_सातारा
काकू, सांभाळणारं कोणी नसतं, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मुलाची तपासणी झाली ते बरंच झालं. पण तो भरती होता. माझा भाऊ नऊ वर्षं आपल्या पायांनी ओपीडीत जात होता. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला स्वतःच्या उपचाराचं कळत नाही असं धरायचं नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. त्याला एकदाही कोणी विचारलं नाही.

दादा, तुम्ही खसखशीचं लिहिलंत ते काल रात्री त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी खरंच बोलत होतो." सोमवारी येतोस का, विचारलंय. अजून बोललेला नाही.