प्रतिसाद: बारा वाजले तरी सावली तिरकी का?

वर विचारलंय की रत्नागिरीत बाराला काठीची सावली सर्वांत आखूड का नसते. काठी बरोबर आहे, घड्याळ दूरचं आहे! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, रत्नागिरी साधारण ७३.३ वर. फरक ९.२ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळपास ३७ मिनिटं. त्यामुळे आपली माध्यान्ह, म्हणजे सर्वांत आखूड सावलीची वेळ, सरासरी १२:३७ च्या सुमारास. ऋतूनुसार त्यात पाव तास मागेपुढे होतो, म्हणून एकाच दिवसाच्या मोजणीवर भांडू नका.

समोच्च रेषांचं (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) म्हणाल तर सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, शिका. सपाट कातळावर रेषा विरळ, कड्याशी एकमेकींना चिकटलेल्या. १:५०,००० च्या नकाशावर १ मिमी म्हणजे ५० मीटर. तेवढ्यात एका रेषेवरून पुढच्या रेषेपर्यंतची २० मीटरची पायरी चढली तर चढ ४० टक्के. सायकल हातात धरूनच जायचं. (मी नकाशा न बघता गेलो होतो, असो.)

अक्षांश-रेखांशावरून काढलेलं अंतर मात्र कोकणात फसवतं. जयगड आणि तवसाळ ही गावं समोरासमोर, पण मध्ये खाडी. फेरीबोट चुकली की रस्त्याने लांबचा वळसा.