कमी खर्चात टाइम ट्रायल: पैसे नक्की कशावर घालावेत?

पायडल
ॲल्युमिनिअमची साधी रोड बाईक आहे. ९ गिअरची कॅसेट, २५ मिमी टायर, क्लिपलेस पेडल (बुटाचा तळ अडकवायची). पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नाही, हार्ट रेटचा पट्टा आहे. दोन महिन्यांनी २० किमीची टाइम ट्रायल (टीटी: एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) करायची आहे. सपाट रस्ता, १० किमी जाऊन परत. सध्या एवढ्या अंतराला साडेसदतीस मिनिटं लागतात. टीटी सायकल घ्यायची नाही. बजेट म्हणजे चांगल्या टायर-जोडीच्या फार तर तिप्पट. जो तो सांगतो, कार्बनची चाकं घे. घेऊ का?

उलटवारा
नका घेऊ. आधी थोडा हिशेब बघा.

ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, आकडेमोडीला सोपं. ब्रेकच्या हुडवर (ब्रेक लिव्हरवरच्या रबरी मुठींवर) हात ठेवून बसलेल्या माणसाचा सीडीए, म्हणजे तो हवेला किती अडतो त्याचं माप, साधारण ०.३६ धरा. नुसती हवा कापायला २१६ वॅट जातात. तोच माणूस एरो बारवर (कोपरं टेकून पुढे वाकायचे, हँडलवर बसवायचे दांडे) नीट टेकला आणि सीडीए ०.२८ वर आला, तर १६८ वॅट. ४८ वॅट वाचले, तेही सायकल न बदलता. महागड्या चाकांनी या वेगाला मोजके वॅट सुटतात, बस. हवेला आडवं येतं ते मुख्यतः आपलं अंग. तुमच्या आजच्याच ताकदीत हा फरक २० किमीला कागदावर अडीच मिनिटांच्या वर भरतो. कागदावर म्हणतोय, कारण वाकून बसल्यावर पाय तेवढेच चालले पाहिजेत.

त्यामुळे क्रम असा: क्लिप-ऑन एरो बार, अंगाला चिकटून बसणारे कपडे, टायर. चाकं या यादीत नाहीतच.

पण खरेदीआधी स्पर्धेची नियमावली वाचा. बऱ्याच ठिकाणी रोड बाईकचा वेगळा गट असतो आणि त्यात एरो बार चालत नाहीत.

पायडल
वाचली. बार चालतात. पुढचा-मागचा दिवा मात्र सक्तीचा आहे. बार घेताना आणि लावताना काय बघू?

ग्रीसचे_हात
हँडलचा स्टेमलगतचा (स्टेम म्हणजे हँडल सायकलीला धरणारा तुकडा) गोल भाग मोजा. हल्ली बहुतेक ३१.८ मिमी, जुन्या सायकलींना २६ किंवा २५.४. क्लॅम्प त्याच मापाचा हवा. हँडल वरून चपटं असेल तर क्लॅम्प बसणार नाही. कार्बनचं असेल तर बनवणाऱ्याने परवानगी दिली आहे का ते बघा, नाहीतर दाबाने तडा जातो.

लावताना हँडल आणि क्लॅम्प स्पिरिटने पुसून कोरडे करा. इथे ग्रीस लावायचं नाही. ॲल्युमिनिअमला सुद्धा कार्बन पेस्टचा (पकड वाढवणाऱ्या खरखरीत लेपाचा) पातळ हात दिला तर पकड चांगली येते. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. किती आवळायचं ते क्लॅम्पवर छापलेलं असतं, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. नुसत्या ॲलन कीने अंदाज चुकतो, टॉर्क रेंच कोणाकडून तरी मागून आणा.

मग सायकल भिंतीला टेकवा आणि पॅडवर (बारच्या कोपर टेकायच्या गाद्यांवर) अंगाचा सगळा भार टाकून दोन-तीन हिसके द्या. बार फिरायचा असेल तर तिथेच फिरू दे. नवख्यांच्या बाबतीत क्लॅम्पपेक्षा स्टेमचे पुढचे चार स्क्रू सैल निघतात: खड्डा आला की बारसकट आख्खं हँडल खाली जातं.

उलटवारा
आता बैठक. एरो बारवर अंग पुढे जातं, म्हणून सीटही पुढे घ्यावी लागते. नाहीतर मांडी आणि पोट यांतला कोन मिटतो आणि पेडल वर येताना गुडघा छातीकडे अडतो. सीट १ सेमी पुढे सरकवली की पायाला अंतर सुमारे ३ मिमी कमी पडतं, म्हणजे २ सेमी पुढे तर ६ मिमी वर. आधीच्या जागेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा, परत यायचं झालं तर शोधाशोध नको. जांघेत बधिरपणा यायला लागला तर सीटचं नाक २-३ अंश खाली करा. त्याहून जास्त केलंत तर घसरून सगळा भार खांद्यांवर येतो.

कोपर खांद्याच्या खाली किंवा किंचित पुढे. पॅड सुरुवातीला रुंदच ठेवा, सायकल ताब्यात राहते. आणि पहिल्याच दिवशी हँडल तळाला नेऊ नका! स्टेमखालची एखादी ५ मिमीची चकती काढायची, आठवडाभर चालवायची, मग पुढची. कसोटी एकच: त्या बैठकीत सलग २० मिनिटं जोर लावता येतो का. दर दोन मिनिटांनी मान वर करून उठावं लागत असेल तर ती बैठक फोटोपुरती.

अवांतर: १९८९ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत शेवटच्या २४.५ किमीच्या टीटीत ग्रेग लेमाँडने असेच बार लावून लॉरां फिन्योंकडून ५८ सेकंद काढले आणि अख्खी स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकली. फिन्योंच्या सायकलीला ते बार नव्हते. डोकंही उघडं, मागे पोनीटेल वाऱ्यावर.

पायडल
बैठक बदलल्यावर वेग खरंच वाढला की नुसतं वाटतंय, हे पॉवर मीटरशिवाय कसं कळणार?

सुतळी_बॉम्ब
वारा पडलेला असताना पहाटे एखाद्या सौम्य, सरळ, रहदारी नसलेल्या उतारावर जा. ठरलेल्या खुणेवरून पेडल न मारता सायकल सोडा आणि खालच्या दुसऱ्या खुणेपाशी वेग किती झाला ते लिहून घ्या. जुनी बैठक, नवी, नवी, जुनी, असं आलटून पालटून निदान तीन-तीन वेळा. कपडे तेच, टायरची हवा तीच. शेजारून ट्रक गेला तर ती फेरी रद्द. एकाच बैठकीच्या आकड्यांत जेवढा फरक पडतो, तेवढाच दोन बैठकींत पडत असेल तर काही सिद्ध झालं नाही.

ग्रीसचे_हात
टायरबद्दल कोणी बोललं नाही. पंक्चर-रोधक जाड टायर आणि हलका, लवचिक टायर यांत जोडीमागे १५-२० वॅट सहज जातात. लेटेक्स ट्यूबने आणखी थोडे सुटतात, पण ती रातोरात हवा सोडते, स्पर्धेच्या सकाळीच भरावी लागते. बसवताना टायरच्या कडेखाली चिमटली तर हवा भरताच फुटते. म्हणून टायर दोन्ही बाजूंनी दाबून आत डोकावत पूर्ण चाक फिरवून बघा.

आणि १२० पीएसआय भरू नका. ७५ किलोच्या माणसाला २५ मिमीवर ७५ ते ८५ पुरे, मागे जरा जास्त. दगडासारखा टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, त्या उड्यांची ताकद तुमच्याच पायांतून जाते.

चेन डिग्रीजरने स्वच्छ धुवा, कोरडी करा, वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवा. काळी चेन घेऊन टीटीला जाणं हा निव्वळ आळस.

सुतळी_बॉम्ब
+१. पैसे उरले तर मागच्या चाकाला आरे झाकणारं प्लास्टिकचं डिस्क कव्हर. दिसायला हास्यास्पद, पण किमतीच्या मानाने उपयोगी. ते ब्रेकला किंवा चेन-स्टेला (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळीला) घासत नाही ना ते बघा. पुढच्या चाकाला कधीच नको, आडवा वारा हँडल हिसकावून घेतो.

उलटवारा
कव्हरच्या आधी कपडे. फडफडणारी जर्सी हे फुकट लावलेलं पॅराशूट आहे. नंबर चार पिनांवर सोडू नका, कडेने आठ-दहा पिना लावा, आणि पाठ वाकवून लावा. सरळ उभं राहून लावलेला नंबर बारवर वाकलं की ताणतो, फाटतो.

चढण_नको
वेग सांभाळायचं राहिलं. पहिल्या तीन मिनिटांत हार्ट रेटवर विसंबू नका, तो मागाहून चढतो. तो कमी दिसतोय म्हणून जोर वाढवला की सातव्या किलोमीटरला पाय संपतात. सुरुवात ‘फारच सोपं जातंय’ असं वाटेल इतकी धरा, पाचव्या किलोमीटरपासून खरा जोर.

उलट्या वाऱ्यात किंचित जास्त, पाठीवरच्या वाऱ्यात किंचित कमी. मंद भागात माणूस जास्त वेळ असतो, म्हणून तिथे लावलेला जोर जास्त वेळ वाचवतो. १० किमीवरचा परतीचा वळसा आधी चालत जाऊन बघा, वाळू असते. वळताना हात ब्रेकवर, एरो बारवर नाही.

सराव: आठवड्यातून दोनदा ३ × १० मिनिटं, मध्ये ५ मिनिटं हलकं, सगळं बारवरच. हुडवर मारलेले इंटरव्हल (असे जोराचे टप्पे) मानेला काही शिकवत नाहीत.

पायडल
आणि पाण्याची बाटली?

चढण_नको
वीस किलोमीटरला पाणी सुरू होण्याआधी प्या. बाटली काढून ठेवा, पिंजराही. वॉर्म-अप सुरुवातीच्या वेळेआधी ८-१० मिनिटं संपवा आणि रांगेत वेळेवर पोचा. तुमचा नंबर पुकारल्यावर तुम्ही नसलात तरी घड्याळ चालू झालेलं असतं.